पान एकशे बाराची दुरुस्ती

“परत वाचते,” प्रूफवाली बाई म्हणाली, आणि तोच परिच्छेद तिने चौथ्यांदा सुरू केला.

म्हातारे बिशप आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. मिटले काय नि उघडे काय, दोन वर्षांपासून त्यांना दिसत नव्हतंच. म्हणून चर्चच्या छापखान्याने त्यांच्या आत्मचरित्राची प्रुफं घेऊन हिला घरी धाडलं होतं. हिने स्वल्पविराम-पूर्णविरामासकट मोठ्याने वाचायचं, त्यांनी ‘बरोबर’ म्हणायचं, मग हिने पानावर पट्टी धरायची आणि त्यांनी पट्टीच्या कडेने सही करायची. सहीशिवाय पान छपाईला जात नसे. एकशे अकरा पानं सुरळीत गेली. एकशे बारावर गाडं अडलं.

“त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने जीव दिला होता, स्वल्पविराम, म्हणून चर्चच्या मंडळीतले वडीलजन त्याला दफनभूमीत जागा द्यायला तयार नव्हते, पूर्णविराम. मी मात्र फाटक उघडलं, स्वल्पविराम, आणि पहिली मूठमाती स्वतः दिली, पूर्णविराम.”

बिशप म्हणाले, व्याकरण तर ठीक वाटतंय, मग घोडं कुठे पेंड खातंय? ती म्हणाली, व्याकरण चोख आहे. चूक दुसरीच आहे.

ही गोष्ट त्यांनी शेकडो उपदेशांत सांगितली होती. दयेवर बोलायचं म्हटलं की हाच मुलगा. आधी फाटक नुसतं किलकिलं झालं, पुढे सताड उघडलं, मग मूठमाती आली. लोक रुमाल काढायचे, तसतशी गोष्ट वाढायची. उपदेश करणाऱ्यांना हा रोग जडतोच. सांगून सांगून ती त्यांना स्वतःलाच खरी वाटायला लागली होती. जाणूनबुजून थाप मारली असती तर बाईला एवढा राग आला नसता. पण गृहस्थ मनापासून बोलत होते, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

कारण तो मुलगा तिचा भाऊ होता. अकरा वर्षं ती त्या छापखान्यात खपत होती, पण तू कुणाची कोण, हे बिशपांनी एकदाही विचारलं नव्हतं. आता पुस्तक निघालं की मंडळीतल्या घरोघरी जाणार. तिच्या आईच्याही हातात पडणार. आपल्या लेकाला आत जागा मिळाली होती, हे त्या माउलीने छापील वाचायचं!

तिने पाचव्यांदा वाचलं. सहाव्यांदा वाचलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. डोळ्यांचं ठीक आहे, कान कसे मिटणार?

बिशप वैतागले. छापखान्यात फोन करून दुसरं माणूस मागवतो म्हणाले. ती म्हणाली, फोन मी लावून देते, काय सांगायचं ते तेवढं ठरवून घ्या. आणि मग तिने शांतपणे सांगितलं. बिशप तेव्हा त्याच चर्चचे पाळक होते. दुपारची वेळ होती. मुलाचा बाप फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा होता. खड्डा शेवटी भिंतीबाहेर खणावा लागला. पुढे रस्ता रुंद झाला, आज तिथे डांबर आहे.

त्यांना आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा चेहरा पार उतरला.

“काढून टाका तो परिच्छेद,” ते पुटपुटले. “अख्खाच काढा.”

“काढायचा नाही, बिशपसाहेब. दुरुस्त करायचा. तुम्ही सांगा, मी लिहिते. नाहीतर सातव्यांदा वाचते.”

मग बिशप एकेक शब्द काढायला लागले. वडीलजन तयार होते, ‘नाही’ मीच म्हणालो. फाटकाला कुलूप मी लावलं. किल्ली खिशात घालून घरी गेलो आणि जेवलो. ती समासात लिहीत गेली.

“बापाच्या मागे एक मुलगी होती,” ते म्हणाले. “फावडं तिच्या हातात होतं.” आणि थांबले. आंधळे डोळे उघडून तिच्या आवाजाच्या दिशेने वळले. “तू?”

तिने पानावर पट्टी धरली. त्यांनी सही केली. अक्षर पट्टी सोडून खाली घसरलं, तरी चालण्यासारखं होतं. तिने पान पिशवीत घातलं आणि उठली.

“पोरी, जवळ ये,” म्हणत त्यांनी उजवा हात पुढे केला. चाळीस वर्षं तो हात आशीर्वादाला उचलला की खाली कुणाचं ना कुणाचं डोकं आपसूक येत असे. तो हवेत चाचपडायला लागला, आधी उजवीकडे, मग डावीकडे.

ती दोन पावलं मागे सरली. खुर्ची ओढून बसली, आणि तो हात खाली येईपर्यंत बघत राहिली.