नखभर ओरखडा

खंडेनवमीच्या सकाळी गार्गीने आपली नवीकोरी रायफल पाटावर पूजेला ठेवली, आणि हळदकुंकवाचं बोट पुढे नेणाऱ्या मालिनीबाईंचा हात मध्येच थबकला. लाकडी दस्त्यावर नखभर ओरखडा होता.

"अडीच लाख मोजलेत गं. अशी डागाळलेली वस्तू देवापुढे कशी ठेवायची?"

"आई, नुसतं वरचं पॉलिश गेलंय. नेम अगदी बिनचूक लागतो. राहू दे ना."

दुकानदारही फोनवर तेच म्हणाला. "ओरखड्याने नेमाला काही होत नाही. हवं तर बदलून देतो, पण माल परदेशातून येतो, वेळ लागेल." राज्याच्या नेमबाजी संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर होती, आणि वयाच्या अटीमुळे गार्गीची ती शेवटचीच. तरी मालिनीबाई हटल्या नाहीत. "देवी वेळेत आणून देईल," म्हणत त्यांनी रायफल परत धाडली.

नवी रायफल वेळेत आलीच नाही. गार्गी क्लबची जुनी रायफल घेऊन चाचणीला उतरली आणि दोन गुणांनी हुकली.

नऊ दिवसांनी खोकं आलं. मालिनीबाईंनी दस्त्यावरून बोट फिरवलं. कुठे म्हणून डाग नव्हता. "बघ तरी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"छान आहे." गार्गीने बँकेच्या परीक्षेचा अर्ज बाजूला सारला. "आज मंगळवार, उपास असेल ना तुझा? वरीचे तांदूळ टाकते."

लेकीने एकदा तरी आपल्यावर ओरडावं, म्हणून मालिनीबाई तिथेच उभ्या राहिल्या. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला.