लाल लुगड्यांची बस

गावाची एस.टी. बंद झाली आणि मोठ्या मुलींची शाळाच सुटली. अर्ज करून थकल्यावर ब्लाउज शिवणाऱ्या साधनानं घरोघरची जुनी लाल लुगडी मागून आणली आणि बांबूच्या सांगाड्यावर ताणून बस शिवली. लेक खुशी मैत्रिणींना घेऊन आत शिरली आणि पांढरकवडा रोडनं, कपाशीच्या वावरांमधून बस पायीच तालुक्याला निघाली. डेपोच्या फाटकात साहेब कडाडले, “हे काय नाटक?” सोबत आलेल्या साधनानं बस जागीच थांबवली. खुशी मात्र पुढे झाली. “तुमची बस येत नाही, म्हणून आमीच आणली. चढा न साहेब, तुमाले गाव दाखवतो!” बघे हसले. साहेबांनाही हसू आलं आणि ते वाकून आत शिरले. मुलींसोबत गावाकडे चालताना वाटेतल्या नाल्यापाशीच त्यांना धाप लागली. सोमवारी एस.टी. आली. खिडकीतून खुशी ओरडली, “आई, मले पाहाले येणाऱ्या पाहुण्यांले नाही म्हणून सांग!”