मंगळावरचे निरोप

"कप्तान कवाचाच मेला!" लटारूनं मांडीवर थाप मारली. "दुसऱ्याच वर्षी. त्या धुळीच्या वादळात."

बाबूभाईंनी शिलाई मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"अन् मंग निरोप कोन धाडते? तुहा बाप?"

"तो बिनतारीवाला! खालीच बसून आपल्या मनानं लिवते अन् म्हातारीले देते. आधी कप्तान दर निरोपात गाईची खबर घ्यायचा. वादळानंतर घेतली का एक डाव तरी? काढा जुने अंक!"

लटारूनं मशीनचा खण ओढला. बाबूभाईंनी त्याच्या बोटांवर लाकडी गज हाणला. "त्यात सुया हायेत, गाढवा! अंक तिकडं फळीवर!"

नागपूरच्या एका मासिकात 'मंगळावरची छावणी' सहा वर्षं चालली होती. ब्रह्मपुरीतल्या त्या गल्लीत अंक यायचा तो फक्त बाबूभाई शिंप्याकडे. ते वाचत, बाकीचे ऐकत. कप्तान मंगळावर एकटा अडकलाय, आणि इकडे त्याच्या म्हाताऱ्या आईला बिनतारी ठाण्यावरून दर महिन्याला त्याचा निरोप पोचतोय, एवढीच गोष्ट. पण महिनाभर बाता हाणायला तेवढी पुरत असे. कुणी म्हणे, कप्तानाला तिथल्या लोकांनी हिरवा करून टाकला. कुणी म्हणे, तो मंगळावर गेलाच नाही, एटापल्लीच्या जंगलात लपून बसलाय. बाबूभाई हसत, कापडाची मापं लिहायला जांभळी पेन्सिल जिभेला लावत आणि पुन्हा हसत. त्या पेन्सिलीनं त्यांचा खालचा ओठ कायमचा जांभळा झालेला.

लटारूच्या या बातेनं मात्र त्यांना शिसारी आली.

"काही लाज? देवकाबाई बसते इथी ऐकाले."

देवकाबाई मासोळ्या विकून झाल्या की टोपली उपडी घालून दुकानाच्या पायरीवर बसायची. तिचा एकुलता एक खुशाल चार वर्षांपूर्वी बिहारात कोळशाच्या खाणीवर गेला होता. घरात दुसरं माणूस नव्हतं. कप्तानावर तिचा भारी जीव. गोष्टीत त्याला ताप आला, त्या महिन्यात तिनं तळ्याच्या पाळीवर नारळ फोडला होता. असल्या बाईसमोर कप्तानाला मारायचं म्हणजे काय? बाबूभाईंना विचारानंच धडकी भरायची.

पुढचा अंक बाजाराच्या दिवशी आला. बाबूभाईंनी पडद्याआड एकट्यानं वाचला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. लेखकानं लटारूचंच खरं केलं होतं!

"हरामखोर!" ते स्वतःशीच पुटपुटले. सहा वर्षं लोकांना दूध पाजलं आणि शेवटी वाटीत थुंकला मेला.

दुपारी सगळे जमले. देवकाबाई पायरीवर, लटारू बाकावर, त्याच्या शेजारी घनश्याम गुरुजी. बाबूभाई खणखणीत वाचू लागले. नको त्या जागी आल्यावर मात्र ते अडखळले. मग घाईघाईनं म्हणाले, "कप्तान म्हणतो, आई, मी खुशाल आहे. काळजी करू नकोस. क्रमशः."

"बाबूभाई," गुरुजी म्हणाले, "तुम्ही पान उलटलंच नाही." आणि अंक त्यांच्या हातून घेऊन स्वतः मोठ्यानं वाचू लागले. बिनतारीवाला आपल्या रोजनिशीत कबूल करत होता: वादळापासून, चार वर्षं, कप्तानाकडून एक शब्दही आलेला नाही. निरोप मीच लिहितो. म्हातारी जगावी म्हणून लिहितो. तिला काही कळत नाही.

"पाहा! म्या काय म्हणलं होतं?" लटारू बाकावर उभाच राहिला.

"खाली उतर! आजपासून हे मासिक बंद!" बाबूभाईंनी अंक हिसकून चिंध्यांच्या ढिगात भिरकावला. "असली घाण माह्या दुकानात नाई पायजे. दोघंही निघा इथून!"

शिंप्याला आज झालं तरी काय, असं म्हणत दोघं निघून गेले.

देवकाबाईकडे बघायचा बाबूभाईंना धीर होईना. ती रडत असेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडत नव्हती. तिनं तोंड फिरवलं आणि रस्त्यावर पचकन थुंकली.

"थू! त्या लिवणाऱ्याले माय नोयती का? म्हणे, म्हातारीले काई कळत नाई!"

"तेच तं मी म्हणून राह्यलो, बाई. सारं खोटं आहे." बाबूभाईंचा जीव भांड्यात पडला. "बरं, खुशालची चिठ्ठी आली ना. डाकवाला सकाळीच टाकून गेला."

गल्लीतली डाक त्यांच्याच दुकानात पडे. समोर गुरुजी बसलेले असले तरी देवकाबाईनं कधी त्यांच्याकडून चिठ्ठी वाचून घेतली नाही. सगळे उठून जाईपर्यंत ती थांबायची.

बाबूभाईंनी मशीनच्या खणातून चिठ्ठी काढून वाचली. "मायले नमस्कार. माझी तब्येत उत्तम आहे. खाणीवर काम भरपूर आहे. यंदाही सुटी मिळत नाही. पुढच्या वर्षी नक्की येतो. जेवणाची आबाळ करू नको."

डोळे मिटून तिनं सगळं ऐकलं. मग चिठ्ठी हातात घेतली, कपाळाला लावली आणि अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. मासोळ्यांच्या पाण्यानं बोट ओलंच होतं, ते जांभळं झालं. तिनं ते पदराला पुसलं. एकवार बाबूभाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपली डोक्यावर घेतली.

"बाबूभाऊ," पायरी उतरता उतरता ती म्हणाली, "पुढच्या चिठ्ठीत त्याले जरासाक खोकला लिवा. चार वर्सांत एक डाव बी बिमार नाई पडला माहा पोट्टा."