धुरपताचा अबोला

"इथं पिन नसन तं शर्यतीचा सायब गाडी लाईनीवर उभी बी करू देत नाही," गोवर्धन बायकोला दाखवत होता. "मंग तू कायले भेतेस?"

धुरपता वाकून पाहत होती. स्टेअरिंगचा दांडा पुढच्या चाकाला जिथे जोडला होता, तिथल्या नटातून काडीएवढी लोखंडी पिन आरपार गेली होती. तिची टोकं मुरडलेली होती. धक्क्यांनी नट फिरून सुटू नये म्हणून ही सोय.

कुडव्याच्या रस्त्यावर गोवर्धनचं सायकली-मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. लढाईच्या काळात बांधलेल्या बिरसीच्या विमानपट्टीवर मोटारींची शर्यत होणार, असं कळल्यापासून त्याचं धानाच्या शेतीतलं लक्ष उडालं होतं. नागपूरहून आलेला नियमांचा कागद त्याने पोथीसारखा पाठ केला. इंजिन मोटरसायकलचंच हवं. चाकं उघडी हवीत. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये पत्र्याची भिंत हवी. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा. भंगारातून एकेक तुकडा आणून त्याने गाडी उभी केली होती. ना छप्पर, ना दार. पाळण्याला इंजिन बांधल्यासारखं ते ध्यान होतं, पण गोवर्धनचा जीव त्याच्यावर जडला होता.

आणि धुरपताचा जीव त्यानेच टांगणीला लागला होता. तिचा भाऊ मंगरू शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, गेला. जोडी भरधाव सुटली, चाकाची खीळ निसटली आणि मंगरू छकड्याखाली आला. तेव्हापासून तिच्या माहेरच्या पटात पंच जोडी सुटण्याआधी, अगदी लाईनीवर, प्रत्येक चाक हलवून पाहत. खीळ नसली की जोडी माघारी. मग मालक कितीही मोठा असो.

"नका जाऊ वो," ती म्हणाली. "मंगरूले डोळ्यानं पायलं मी."

"थे बैल होते. हे मशीन हाय," गोवर्धन हसला.

ते हसणं तिला लागलं. त्या दिवसापासून तिने अबोला धरला. जेवण वाढायची, आंघोळीला पाणी काढायची, पण तोंडातून चकार शब्द नाही. सासूने समजावलं, दीर भोजराजने विनवलं. धुरपता हट्टाला पेटली की ब्रह्मदेवालाही ऐकायची नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गोवर्धन गाडी ट्रकवर घालून बिरसीला गेला आणि दिवस मावळता मावळता परत आला. स्वारी भलतीच खुशीत होती. धुरपता तांदूळ निवडत बसली होती. तो तिच्यापाशी घुटमळला, उगाच खाकरला.

"इचारशील तं एक गोष्ट सांगीन," तो म्हणाला.

तिने सुपातले तांदूळ पाखडले. तो विहिरीवर हातपाय धुवायला गेला.

धुरपता उठली. घरापुढच्या सपरीत गाडी उभी होती. तिच्या नाकाडावर ठसठशीत लाल टिळा होता. सासूबाईंनी पूजा उरकलेली दिसत होती, आणि तीही सुनेला न बोलावता. तिचं मन खट्टू झालं. तिने टिळ्यावर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. तांदळाचा दाणाही कुठे चिकटलेला नव्हता. असल्या यंत्राची पूजा तरी काय धड होणार, असं ती मनाशी म्हणाली.

मग तिने पक्कड उचलली. पिनेची टोकं सरळ केली आणि ती ओढून काढली. नटाला हात लावला नाही. कोणाला काही दुखवायचं तिच्या मनात नव्हतंच. उद्या साहेब वाकून पाहील, मान हलवेल आणि गाडी माघारी पाठवील. नवरा चिडेल, कदाचित हातही उगारेल. पण जिवंत घरी येईल. शर्यत सरली की पिन जागच्या जागी जाईल. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी गोवर्धन ट्रकवर गाडी घालून पुढे गेल्यावर ती आपणहून भोजराजबरोबर बैलगाडीत बसली, तेव्हा सासूचे डोळे भरून आले. राग गेला, असं म्हातारीला वाटलं.

बिरसीला ही गर्दी. गोवर्धनची गाडी दोन मोटारींच्या मध्ये उभी होती. त्याने लांबून धुरपताला पाहिलं आणि लहान पोरासारखा हात हलवला. तिने पदराची गाठ चाचपली. आता साहेब वाकेल.

साहेब आला. हातात झेंडा होता. तो गाड्यांवरून नुसती नजर फिरवत पुढे गेला. इंजिनं धडधडू लागली. धुरपता साहेबाकडे पाहत राहिली आणि मग तिची नजर बाजूच्या मोटारीवर गेली. तिच्याही नाकाडावर तसाच लाल टिळा होता. त्यापलीकडच्या मोटारीवरही.

"भाऊजी, यायनं बी पूजा केली का?"

"पूजा नोहे, वयनी," भोजराज म्हणाला. "सायबानं लाल रंग लावला. कालच सगळ्या गाड्या पाहून पास केल्या त्यानं. दादानं सांगतलं नाही तुमाले?"

झेंडा खाली आला.