खास दर

थोरला ताटावर बसून नुसता भात चिवडतो, हे मला अजिबात खपत नाही. पण हॉस्पिटलसाठी खाटा दुप्पट दरानं घेतल्या म्हणून उद्या त्याची चौकशी आहे. नोकरीवरच बेतलंय, तेव्हा आज मी रागावले नाही.

"आई, व्यापारी म्हणाला, साहेब, हा दर खास तुमच्यासाठी. कुणापुढे बोलू नका."

धाकटा तुरुंगाची खरेदी बघतो. त्याचा हात ताटातच थांबला.

"दादा, मलाही तो हेच म्हणाला होता. याच खाटा. निम्म्या दरानं."

"आणि तू घरात बोलला नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

मी पाण्याचा पेला आपटला. "थोरल्या, रोज शेजारी बसून जेवता आणि त्या व्यापाऱ्याचं गुपित दोघांनी मिळून राखलंत! आता उद्या घराची अब्रू राखायलाही त्यालाच बोलाव."