सायगावचा घास

१९५७ साली किसनसिंग फौजेतून तांड्यावर परतला, तो पार व्हिएतनाममधल्या सायगावची चटक जिभेवर घेऊन; तिथल्या युद्धबंदीवर देखरेख करायला गेलेल्या भारतीय तुकडीत तो होता. तिकडं म्हणे लांबट पावात भाजलेलं मटण, आंबवलेला मुळा, काकडी अन् कोथिंबीर कोंबून देतात. महागावच्या बाजारात असला पाव कुठून मिळायचा? बायकोनं, बिजलीनं, तेच सगळं भाकरीत गुंडाळलं. भाकर तडकली, म्हणून बिजलीनं लाथ खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिनं गव्हाची पोळी केली, पण मुळा पुरता आंबला नव्हता, म्हणून तिचा ओठ फुटला.

तिसऱ्या दिवशी पहिलाच घास थुंकून किसनसिंगनं कमरेचा फौजी पट्टा सोडला, तशी त्याची माय धनीबाई चुलीपुढून उठली. पोटचा पोर असला म्हणून काय झालं? जळतं लाकूड तिनं त्याच्या मनगटावर असं हाणलं की पट्टा गळून पडला, अन् त्याच पट्ट्यानं तिनं त्याला अंगणभर लोळवला.

"याडी, सोड वं माय! तांडा पाहून राह्यला!"

"पाहू दे! सुनेचं रक्त सांडतानी आंधळा होता का तांडा?"

तांड्याचा नाईक धावत आला. "धनीबाई, नवरा-बायकोच्या मधात कायले पडता?"

धनीबाईनं पट्टा मुठीला गुंडाळून घेतला.

 

"यालेच विचारा ना, नाईक! दोन फौजा भिडू नये म्हणून मधात पडाचीच तर नोकरी करून आला हा, सायगावात दोन वर्षं!"