वरचा पट्टा

आई जनुकांचं औषध बनवते, हे मी वर्गात इतक्यांदा ऐकवलंय की मैत्रिणी आता हातच जोडतात! आज तिने मला प्रयोगशाळा दाखवली. यंत्रात गरगर फिरवलेल्या नळीत दोन पांढरे पट्टे होते.

“खाली औषध भरलेली विषाणूंची कवचं. वरची रिकामी, ती टाकायची.”

माझ्या धाकट्या भावाला हेच औषध हवं होतं. ते तयार होईपर्यंत तो राहिला नाही.

वरचा पट्टा हलत होता. वर, खाली, मध्येच अडखळून पुन्हा वर. शेवटी शेवटी धाकट्याची छाती अशीच हलायची.

“आई, हा...”

“रोजच असतो गं,” आई म्हणाली. “रोज मीच टाकते.”

तिने खालचं औषध सुईने ओढून घेतलं आणि नळी कचऱ्याच्या बाटलीवर धरली.

पट्टा एकदम थांबला. लपाछपीत आई जवळ आली की धाकटा श्वास रोखायचा, तसा.